पहिल्या सीडीचं भेव

‘गावच्या माणसाला ‘भूत’ का भिडत नाही’ अशा मथळ्याचा एक मजकूर महिनाभरापासून आमच्या तालुक्यातल्या जवळजवळ प्रत्येक व्हॉट्सअॅप ग्रुपवर फिरतो आहे. मला तो चार ठिकाणांहून आला, त्यात एकदा सख्ख्या मेव्हण्याकडून. विषय आहे रामगोपाल वर्माचा 2003 सालचा ‘भूत’. म्हणणं थोडक्यात असं. खरं भूत गावातलं, फ्लॅटमधलं भूत म्हणजे थट्टा. गाणी नाहीत, म्हणून खेड्यातला प्रेक्षक दोन तास बसत नाही. भीती कुठंच नाही, नुसता आवाजाचा दणका. त्यातल्या त्यात बरं काय, तर मेलेल्या बाईनं घेतलेला सूड. आणि एवढं करून हा सिनेमा अंधश्रद्धा पसरवतो, तेव्हा जादूटोणाविरोधी कायद्याखाली तो बंदच करायला हवा.

मी ब्रह्मपुरी तालुक्यातल्या खेड्यात राहतो. मोबाइल-टीव्ही दुरुस्तीचं दुकान आहे. त्याआधी वडशाच्या एका नाटक कंपनीत सहा हंगाम साउंड सांभाळला आहे. ‘गावचा माणूस’ म्हणून कोणी माझ्या वतीनं परस्पर अंगठा उठवत असेल, तर निदान मला विचारायला हवं होतं.

ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी गोष्ट. विशाल (अजय देवगण) आणि स्वाती (ऊर्मिला मातोंडकर) हे जोडपं मुंबईत एका उंच इमारतीत भाड्यानं फ्लॅट घेतं. आधीची भाडेकरू मनजीत तिथल्या बाल्कनीतून पडून मेली, तिचा लहान मुलगाही गेला, हे विशालला ठाऊक असतं, पण तो बायकोला सांगत नाही. मग मनजीत स्वातीच्या अंगात शिरते. वॉचमन मरतो. नाना पाटेकरचा इन्स्पेक्टर चौकशीला येतो, व्हिक्टर बॅनर्जीचा मनाचा डॉक्टर हात टेकतो आणि रेखाची मांत्रिक सरिता सूत्रं हाती घेते. घरमालकाचा पोरगा संजय (फरदीन खान) मनजीतवर जबरदस्ती करायला गेला, त्यात ती मेली, आणि बघणाऱ्या पोराला वॉचमनकरवी संपवलं, असं निघतं.

आम्ही हा चित्रपट टॉकीजमध्ये पाहिला नाही. वडशाच्या बाजारातून मी दोन सीडींचा जोड आणला होता. धान कापून झालं होतं, थंडी पडली होती. लोडशेडिंगचे दिवस, म्हणून ट्रॅक्टरची बॅटरी जोडली आणि आमच्या ओसरीवर टीव्ही मांडला. तीस-पस्तीस माणसं होती. पहिल्या सीडीवर कुठंतरी ओरखडा होता. ऊर्मिलाचा चेहरा समोर आला आणि चित्र तिथंच अडकलं. अर्धा चेहरा नीट, अर्ध्याचे चौकोन झालेले. एरवी सीडी अडकली की पोरं शिट्या मारतात, कोणीतरी ओरडतं, ‘पुसून लाव बे.’ त्या रात्री कोणी काही बोललं नाही. मीच उठून सीडी काढली, बनियनला पुसली, पुन्हा घातली. हात थोडा थरथरत होता, हे आज कबूल करायला हरकत नाही.

तर पहिला मुद्दा, गावातल्या भुताचा. आमच्या गावच्या चिंचेवर एक बाई आहे. म्हणजे, आहे असं म्हणतात. ती कोणाची कोण, कोणत्या विहिरीत गेली, सासू कशी होती, सगळं सगळ्यांना पाठ आहे. तिचा पणतू मला रेशनच्या रांगेत भेटतो. पोर आजारी पडलं की बाया तिथं हिरव्या बांगड्या ठेवून येतात, आणि घरी येऊन ‘झालं, आता सोडंल ते’ म्हणतात. याला भीती म्हणायचं की सोयरीक? अमावास्येच्या रात्री शेतावर पाणी द्यायला जाणारा माणूस आमच्याकडे चिंचेवरच्या बाईला भीत नाही. तो पट्टेदार वाघाला भितो, आणि त्यात काही चूक नाही.

गावातल्या भुताला नाव, घराणं आणि पत्ता असतो. फ्लॅटमधल्या भुताला यातलं काहीच नसतं, आणि हा चित्रपट नेमका तिथून घाबरवतो. त्या रात्री माझी आजी पुढं बसली होती. तिनं मध्येच विचारलं, ‘घर घेताना शेजाऱ्याले इचारलं नाई का जी यायनं?’ सगळे हसले. आज वाटतं, चित्रपटाचं मर्म त्या ओसरीवर आजीलाच कळलं होतं. तिथं शेजारी म्हणजे बंद दार. लिफ्ट आहे, वॉचमन आहे, घरमालक आहे, पण ‘इथं काय झालं होतं’ हे सांगणारं माणूस नाही. ज्याला माहीत आहे तो नवराच गप्प बसतो. आमच्याकडे नवी सून संध्याकाळी बोरिंगवर पाणी भरायला गेली असती, तर पहिली गुंडी भरायच्या आत तिला सगळा इतिहास कळला असता, वर दोन गोष्टी जास्तीच्या.

आणि ‘फ्लॅटचं गावाला काय’ हे तर 2003 मध्येही अर्धंच खरं होतं. आज आमच्या गावातल्या प्रत्येक तिसऱ्या घरातलं पोर नागपूरला नाहीतर पुण्याला भाड्याच्या खोलीत आहे. माझी भाची पुण्यात नवव्या मजल्यावर राहते. दलालानं एका महिन्याचं भाडं घेतलं, आधार कार्डाच्या झेरॉक्स घेतल्या. आधी तिथं कोण राहत होतं, हे तिनं विचारलं नाही, आणि त्यानं सांगितलं नाही. सहा महिने झाले, समोरच्या दाराआडच्या माणसाचं नाव तिला ठाऊक नाही. रात्री लिफ्ट आपोआप तिच्या मजल्यावर थांबते आणि दार उघडतं, बाहेर कोणी नसतं, असं तिनं फोनवर सांगितलं तेव्हा मी ‘सेन्सरचा फॉल्ट असंल’ म्हणालो. असेलही. पण मला आठवली ती ऊर्मिलाच.

गाण्यांच्या मुद्द्यावर फार वेळ घालवण्यासारखं नाही. चित्रपटात एकही गाणं नाही. कॅसेट निघाली होती, तिच्यावर गाणी होती, पडद्यावर नाहीत. चित्रपट दोन तासांच्या आत संपतो. झाडीपट्टीचा, म्हणजे आमच्या पूर्व विदर्भातल्या नाटकांचा, प्रेक्षक गाण्यावर जीव टाकतो, ‘वन्स मोअर’शिवाय नटीला आत जाऊ देत नाही, हे माझ्याइतकं कोणाला माहीत असणार? पण हाच प्रेक्षक रात्री दहाला बसतो आणि कोंबडं आरवेपर्यंत उठत नाही. त्याच्या बुडाबद्दल शंका घेणाऱ्यानं एकदा मंडईच्या, म्हणजे दिवाळीनंतरच्या जत्रेच्या, रात्री येऊन बसावं.

आता आवाज. हा माझ्या धंद्याचा विषय, तेव्हा जरा ऐका.

‘नुसता आवाजाचा दणका’ हे अर्धं मान्य. या चित्रपटात असे दणके आहेत, आणि काही फुकटचे आहेत. तिथं काहीच नसतं, पण पार्श्वसंगीत अंगावर येतं आणि आपण दचकतो. मग रागही येतो, मागून येऊन कोणी ‘भॉक’ केल्यासारखा. हे वर्माचं जुनं व्यसन आहे. पण दचकणं आणि भेव लागणं या दोन गोष्टी आहेत. आमच्या कंपनीच्या एका नाटकात दुसऱ्या अंकात मेलेली सून यायची. ती आली की ऑक्टोपॅडवाला (इलेक्ट्रॉनिक ढोल वाजवणारा) असा काही हाणायचा की मंडपाच्या बल्ल्या हलाव्यात. पहिल्या दोन प्रयोगांत लोक दचकले. तिसऱ्या गावापासून पुढं बसलेली पोरं तोंडानंच ‘धडाम’ करायला लागली, आणि सून आली की हशा. मग एका रात्री ऑक्टोपॅडवाला तापानं पडला. त्या प्रयोगात सून आली तेव्हा काहीच वाजलं नाही. ती नुसती विंगेतून आली आणि उभी राहिली. माझा एक माईक चुकून उघडा राहिला होता, त्यातून तिच्या श्वासाचा आवाज भोंग्यावर जात होता. मी तो बंद करायला हात नेला आणि समोर पाहिलं. पुढच्या रांगेतल्या एका बाईनं शाल डोक्यावरून ओढून पोराला आत घेतलं होतं. मी माईक उघडाच ठेवला.

‘भूत’मध्ये दणक्यांच्या अधेमधे हा उघडा माईक आहे. द्वारक वॉरियरनं आवाजाचं काम केलं आहे, पार्श्वसंगीत सलीम-सुलेमानचं. रिकाम्या घराला स्वतःचा एक आवाज असतो, तो इथं ऐकू येतो. मोबाइलच्या स्पीकरवर पाहून ‘भीती नाही’ म्हणणाऱ्यांनी निदान हेडफोन लावावा. ऊर्मिलाही किंचाळते तेव्हा घाबरवत नाही. ती काही न बोलता एका जागी बसून बघत राहते तेव्हा घाबरवते. तोवर आपल्याकडं भूत म्हणजे बहुतेक रामसे बंधूंच्या ‘पुराना मंदिर’सारखं (1984), म्हणजे पडका वाडा, धूर आणि भयंकर तोंडाचा राक्षस. इथं बाई घरातल्या साध्या कपड्यांत, दिवाणखान्यात, दिवे चालू. फक्त नजर तिची नाही. या भूमिकेसाठी तिला फिल्मफेअरचा समीक्षक पुरस्कार मिळाला, आणि तो दणक्यांसाठी मिळाला नसावा.

मजकुरात ज्याची स्तुती केली आहे, त्याच गोष्टीवर माझा खरा आक्षेप आहे. सूड.

पहिली सीडी संपली, दुसरी लावली. संजयचं पाप हळूहळू बाहेर यायला लागलं आणि आमच्या ओसरीचा रंग बदलला. लोक सैल बसले. कोणीतरी चहा टाकायला सांगितलं. मागून एकजण ओरडला, ‘मार त्याले!’ मग सगळेच. आता आम्ही भुताच्या बाजूचे होतो, आणि ज्याच्या बाजूनं आपण ओरडतो त्याचं भेव कसं राहणार? मनजीत कोण, तिचं लेकरू कसं गेलं, तिची आई (तनुजा) कशी रडते, हे कळलं आणि ती आमच्या चिंचेवरची बाई झाली. नाव आलं, गाऱ्हाणं आलं, आता फक्त बांगड्या ठेवायच्या बाकी. पहिल्या तासात त्या घरात काय आहे हे माहीत नव्हतं. दुसऱ्या तासात तिथं एक अर्जदार आहे, आणि सरिता, इन्स्पेक्टर, नवरा असे सगळे मिळून तिचा अर्ज निकाली काढतात. झाडीपट्टीत आम्ही हेच करतो, शेवटच्या अंकात खलनायक गुन्हा कबूल करतो आणि टाळ्या पडतात. नाटकात ते चालतं, लोक त्याचसाठी पैसे देतात. पण भयपटानं पहिल्या सीडीत जे कमावलं ते दुसरीत असं वाटून टाकावं?

हिशोबाच्या दृष्टीनंही तो सूड डळमळीतच. मनजीतला संजयनं मारलं, वॉचमन त्याचा हस्तक, मग या सगळ्यात स्वातीचा काय दोष? तिचं शरीर भाड्यानं घेतल्यासारखं वापरलं जातं आणि शेवटी परत केलं जातं. तिला स्वतःला काय वाटलं, नवऱ्यानं लपवलं याचा राग आला का, हे चित्रपट विचारतही नाही. मला विचाराल तर सूड घ्यायचा पहिला हक्क तिचा होता, तोही विशालवर. शेवटी संजय अंधाऱ्या कोठडीत एकटा असतो आणि मनजीत पुन्हा येते, तेवढ्या क्षणापुरतं भेव परत येतं. पण तोवर आमच्या ओसरीवर निम्मे लोक चपला शोधत होते.

राहिला अंधश्रद्धेचा मुद्दा. हा सहज झटकून टाकायचा नाही, निदान चंद्रपूर जिल्ह्यात राहून तर नाहीच. जिवती तालुक्यातल्या वणी खुर्दला ऑगस्ट 2021 मध्ये जादूटोण्याच्या संशयावरून म्हाताऱ्या बायांसकट सात जणांना भर गावात बांधून मारलं. 2013 चा जादूटोणाविरोधी कायदा आहे तो यासाठी. भूत उतरवण्याच्या नावाखाली माणसाला बांधणं, मारणं, मिरचीची धुरी देणं, हे त्याच्या अनुसूचीत पहिल्याच नोंदीत येतं. पडद्यावर कोणी काल्पनिक भूत दाखवलं म्हणून तो कायदा उगारायचा, तर उद्या आमच्या नाटकातली मेलेली सूनही पोलीस ठाण्यात बसेल. पाटीवर ‘भूत’ लिहून तिकीट विकणारा कोणाला फसवत नाही.

तरी मजकूर लिहिणाऱ्यानं एक गोष्ट पाहायला हवी होती, ती त्यानं पाहिलीच नाही. डॉक्टर हरतो आणि मांत्रिक जिंकते, हे मला खटकतं. आमच्याकडे ‘नागपूरला नेलं’ म्हटलं की लोक मनोरुग्णालय समजतात आणि आवाज खाली करतात. तोवर भगताकडे तीन कोंबडे आणि दोन वर्षं गेलेली असतात. पण त्याहून जास्त खटकते ती मोलकरीण. सीमा बिस्वाससारखी नटी घेऊन वर्मानं तिला काय दिलं? दाराआडून टक लावून बघणं, विचित्र चालणं, अवेळी उगवणं. आपल्याला तिचाच संशय यावा म्हणून. पुढं तीच पहिल्यांदा ओळखते की मालकिणीला काय झालं आहे, पण तोवर आपण तिच्याकडं ज्या नजरेनं पाहिलेलं असतं ती नजर गावात फार जुनी आहे. गरीब, एकटी, कमी बोलणारी बाई दिसली की तिच्यात काहीतरी आहे. वणी खुर्दला जे झालं ते भुतावरच्या विश्वासातून कमी आणि या नजरेतून जास्त झालं असावं, असं मला वाटतं. बंदी मागणाऱ्यानं मांत्रिकावर चार ओळी खर्च केल्या, मोलकरणीवर एकही नाही.

मेव्हण्याला मी हे सगळं फोनवर सांगितलं. तो म्हणाला, ‘मंग सिनेमा चांगला का वाईट, ते सांगा ना भाऊजी.’ त्याला सांगितलं ते तुम्हालाही सांगतो. त्या जोडातली पहिली सीडी अजून माझ्या दुकानात काउंटरच्या खालच्या खणात आहे, ओरखड्यासकट. दुसरी कोणीतरी पाहायला नेली होती. ती परत आली नाही, आणि मी कधी मागितली नाही.