डोंगरावर एकटीनं: झुरिकहून पुणेकरांना

पावसाळा लागला की पुण्यातल्या आमच्या नातेवाइकांच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर तोच वाद उकरून निघतो. कुठल्यातरी गडावर कुणीतरी वाट चुकतं, बातमी येते, आणि फर्मान सुटतं: "एकट्यादुकट्याला गडावर सोडूच नका, पायथ्यालाच अडवा." त्याला पुरवणी जोडलेली असतेच, "मुलींना तर नाहीच नाही." मावसबहीण या मागणीची सरसेनापती. झुरिकमध्ये बसून हे वाचताना माझं डोकं फिरतं.

३० जून २०२४ ला भुशी धरणाच्या मागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातली पाच माणसं वाहून गेली. १५ जून २०२५ ला कुंडमळ्याचा इंद्रायणीवरचा पूल कोसळला, तो गर्दीने. लोहगडाच्या दरवाजात रविवारी चेंगराचेंगरीची वेळ येते ती काय एकट्या माणसांमुळे? पण गर्दीला कोण बोलणार? ती आपलीच असते, डबे घेऊन आलेली.

इथे मंगळवारी सकाळी पोस्टबसमधून सत्तरीच्या बायका एकट्या उतरतात, काठ्या उघडतात आणि चालू लागतात. पांढऱ्या-लाल-पांढऱ्या खुणेची, म्हणजे साधी डोंगरवाट असेल तर जातात, पांढरी-निळी-पांढरी, म्हणजे अवघड आल्पाइन वाट लागली की मुकाट मागे फिरतात. इथेही दरवर्षी शंभरावर माणसं डोंगरात जीव गमावतात, पण म्हणून कुणी अख्ख्या डोंगराला कुलूप लावत नाही. दरड सुटली असेल तर नेमकी तेवढी वाट बंद होते आणि शेजारच्या वाटेची पाटी लागते. आपल्याकडे आदेश निघतो तो अख्ख्या परिसराचा.

एकट्याने दिवसभराचा डोंगर करायचा म्हणजे बेत आदल्या रात्री कागदावर उतरवायचा. वेळेचा हिशेब साधा आहे. चढ तासाला ३०० मीटर, उतार तासाला ५००, सपाटी तासाला ४ किलोमीटर. उंचीचा वेळ आणि अंतराचा वेळ वेगवेगळे काढायचे, मोठा पूर्ण धरायचा, लहान निम्मा, आणि दोन्हींची बेरीज करायची. आतकरवाडीतून सिंहगड म्हणजे सुमारे ६०० मीटर चढ, अंतर तीन किलोमीटरच्या आत. हिशेब निघतो दोन तास वीस मिनिटं. दर रविवारी जाणारे तासाभरात वर असतात आणि वर जाऊन पिठलं-भाकरी खातात, पण त्यांच्याकडे बघून आपली वेळ ठरवू नये. त्यांच्या पायांना प्रत्येक दगड पाठ आहे.

दुसरा आकडा परत फिरण्याच्या वेळेचा. डिसेंबरात पुण्यात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो, आणि पूर्वेकडच्या सोंडेवर सावली त्याच्या बरीच आधी येते. म्हणून दुपारी एक वाजता जिथे असू तिथून वळायचं, माथा वीस मिनिटांवर असला तरी. एकट्याने केलेल्या चुका बहुतेक या वीस मिनिटांत होतात. उतरताना मांड्या थकलेल्या असतात, त्यात हिवाळ्यात वाळलेलं गवत आणि घसारा, म्हणजे पायाखालून सरकणारी सुटी माती-खडी, पावसाळ्यात कातळकोरीव पायऱ्यांवरचं शेवाळ. घसाऱ्यावर पाय आडवे टाकायचे, मागे झुकायचं नाही. सॅक हलकी असली तर हे जमतं. दोरखंड आणि तंबू घेऊन दिवसाच्या वाटेला जाणारे महाभाग वेगळे.

पहिल्यांदा एकटं जाणाऱ्याला मी मळवलीच सांगेन. लोणावळा लोकलने उतरायचं, भाज्यावरून गायमुख खिंडीत चढायचं आणि उजवीकडे लोहगड धरायचा. डावीकडचा विसापूर पावसाळ्यात एकट्याने नको. त्याच्या पायऱ्यांच्या वाटेवरून पाणी वाहतं आणि वरचं पठार इतकं पसरट आहे की धुकं उतरलं की चढून आलेली जागाच सापडत नाही. सह्याद्रीत माणूस बहुधा कड्यावर चुकत नाही. तो चुकतो ढोरवाटांवर. गुरांच्या पायांनी मळलेली वाट माणसाच्या वाटेइतकीच खरी दिसते आणि कारवीत जाऊन संपते. संपली की पुढे घुसायचं नाही, शेवटच्या ओळखीच्या दगडापर्यंत मागे यायचं. नकाशा आधीच डाउनलोड करून फोन फ्लाइट मोडवर ठेवायचा, कारण नाळेत, म्हणजे डोंगराच्या अरुंद घळीत, रेंज शोधता शोधता बॅटरी संपते.

पाणी ऑक्टोबर ते मे तीन लिटर. गडावरच्या कातळात खोदलेल्या टाक्यातलं पाणी गाळून, उकळूनच. सेंट, डिओ, धूर, आरडाओरडा वर्ज्य, कारण कड्याला आग्या मोहोळ असतं. माश्या उठल्याच तर तोंड झाकून सरळ लांब निघायचं, हात झाडायचे नाहीत आणि पाण्यात उडी तर मुळीच नाही. त्या वर घिरट्या घालत थांबतात. शिट्टी गळ्यात. मिनिटाला सहा वेळा वाजवायची, मग मिनिटभर थांबून पुन्हा सहा.

आणि निरोप. "ट्रेकला चाललेय" हा निरोप नव्हे. चढायची वाट, उतरायची वाट, पायथ्याचं गाव, कपड्यांचा रंग, आणि किती वाजेपर्यंत फोन आला नाही तर काय करायचं, हे सगळं एका माणसाच्या हाती हवं. संध्याकाळी सातला फोन नाही तर आधी गावातल्या चहावाल्याला फोन, मग ११२. लोणावळ्याच्या शिवदुर्ग मित्रसारखी बचाव करणारी मंडळी रात्री-अपरात्री उतरतात, पण त्यांना शोधायचं कुठे हे तरी कळायला नको का?

इथे माझा युक्तिवाद थोडा लंगडतो, हे मला ठाऊक आहे. स्विस एकटेपणाची निम्मी अक्कल पिवळ्या पाट्यांची असते. वाट, फाटा, तास-मिनिटं सगळं लिहिलेलं. आपल्याकडे ते काम माणसं करतात. राजगडाच्या पायथ्याच्या गुंजवण्यात पाणी भरायला थांबलं की मावशी विचारतात, "एकटीच? कुठनं उतरणार? जेवायला येणार का?" पुण्याच्या मुलीला ती नसती चौकशी वाटते. पण त्या तीन प्रश्नांत निरोपाचा सगळा मजकूर आहे, आणि संध्याकाळी तुम्ही दिसला नाहीत तर त्यांना ते आठवतं. इथे वाटेत "ग्र्युएत्सी" म्हणून लोक पुढे जातात. छान वाटतं, विश्रांती मिळते. मात्र निरोप ठेवायला या शहरात मला अजून माणूस मिळालेलं नाही. माझा निरोप कोथरूडला जातो, त्याच मावसबहिणीला. उन्हाळ्यात तिचं घड्याळ साडेतीन तास पुढे, हिवाळ्यात साडेचार, म्हणून माझी वेळ तिच्या झोपेच्या हिशेबाने ठरते. इथले पाच म्हणजे तिचे साडेआठ किंवा साडेनऊ. रेगा या इथल्या हेलिकॉप्टर बचाव संस्थेची वर्गणी मी भरते, पण त्यांना फोन करायला कुणाला तरी काळजी वाटली पाहिजे, आणि ती वाटणारी बाई गडावर एकट्यांना बंदी मागते.

तिला माझं एवढंच म्हणणं आहे, की बंदीचा अर्ज करायचाच तर वेगळा कर. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या यादीत गेलेल्या बारा किल्ल्यांपैकी शिवनेरी, लोहगड, राजगड हे तीन पुणे जिल्ह्यातले. आता तिथे पैसा येईल, आणि आपली सवय बघता तो कमानी आणि रोषणाईवर जाईल. त्याऐवजी प्रत्येक फाट्यावर एक पाटी माग. राजगडाचा चोर दरवाजा किती मिनिटं, पाली दरवाजा किती, आणि त्याखाली शेवटची एसटी किती वाजता सुटते ते.