व्रत तिचं, पैसा मठाचा, कर पुन्हा तिच्याच नावावर : एका प्रतिक्रियेला उत्तर

ताई,

तुमची प्रतिक्रिया मनापासून लिहिलेली आहे, म्हणून दोन ओळींत आभार मानून मोकळं होणं मला जमणार नाही. मूळ लेख न वाचलेल्यांसाठी सांगतो: तो बेल्जियमच्या जनीन डेकर्सवर होता. जग तिला 'सर सूरीर', म्हणजे हसरी सिस्टर, या नावानं ओळखतं. तुमचे आक्षेप तीन आहेत. दारिद्र्याचं व्रत तिनं स्वखुशीनं घेतलं होतं, मग पैशांवरून मठाला बोल का लावायचा? गर्भनिरोधक गोळीचं गाणं गाऊन चर्चशी नातं तिनंच तोडलं, मग चर्चनं तिला सोडलं असं का म्हणायचं? आणि गेलेल्या बाईचं खासगी आयुष्य चव्हाट्यावर कशाला आणायचं? तुमची वसईची आत्या आयुष्यभर धर्मभगिनी म्हणून राबली, तिनं कधी एका पैशाची अपेक्षा ठेवली नाही, असंही तुम्ही लिहिलंय. त्या आत्यांबद्दल मला आदर आहे. त्यांच्यासारख्या सिस्टरांसाठीच हा विषय मला महत्त्वाचा वाटतो.

आधी पैशाचं बोलू, कारण तुमचा सगळा रोख तिथेच आहे.

१९५९ मध्ये डेकर्स वॉटर्लूजवळच्या फिशरमाँ इथल्या डोमिनिकन मिशनरी सिस्टरांच्या मठात दाखल झाली. येताना गिटार घेऊन आली होती. ती स्वतः गाणी रचायची, मठात गायची, आणि तपसाधनेला येणाऱ्या पाहुण्यांना ती आवडायची. पाहुण्यांना विकत नेता येईल अशी एखादी रेकॉर्ड असावी, असं वरिष्ठांना वाटलं आणि १९६१ मध्ये ब्रुसेल्सला फिलिप्स कंपनीकडे ध्वनिमुद्रण झालं. त्यातलं 'डॉमिनिक' हे गाणं डिसेंबर १९६३ मध्ये अमेरिकेत सलग चार आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिलं. केनेडींची हत्या होऊन तेव्हा जेमतेम दोन आठवडे उलटले होते. फ्रेंचचा गंध नसलेली माणसं एका सिस्टरचं फ्रेंच गाणं गुणगुणत होती. गाणं कुणावर होतं? तिच्या संघाचे संस्थापक संत डॉमिनिक यांच्यावर. रस्त्यानं गात जाणारा, खिशात काही नसलेला, जिथे जाईल तिथे देवाखेरीज दुसरा विषय न काढणारा माणूस. दारिद्र्याची थोरवी गाणाऱ्या गाण्यानं पैशांचा एवढा ओघ आणला, आणि त्या पैशांचं काय करायचं हे ठरवणाऱ्यांत ती गाणं रचणारी नव्हती.

मोठा वाटा कंपनी आणि निर्मात्याकडे गेला, उरलेला थेट मठाकडे. डेकर्सच्या हाती काही आलं नाही, आणि व्रताप्रमाणे ते यायचंही नव्हतं. इथवर तुमचं म्हणणं मला पूर्ण मान्य आहे. व्रतस्थ व्यक्ती आपल्या कष्टानं जे मिळवते ते संस्थेचं, हे कॅनन लॉमध्ये, म्हणजे चर्चच्या कायद्यात, १९१७ च्या संहितेत होतं आणि १९८३ च्या संहितेतही आहे. केलेल्या कामाचा मोबदला बाहेर पडताना मागता येत नाही, हेही खरं. पण हे सांगणाऱ्या १९८३ च्या कलम ७०२ ला दुसरा भाग आहे, आणि तुम्ही तो वगळलात: बाहेर पडणाऱ्याशी संस्थेनं न्यायानं आणि शुभवर्तमानातल्या प्रेमानं वागावं. डेकर्स बाहेर पडली १९६६ मध्ये, म्हणजे जुन्या संहितेच्या काळात. त्या संहितेतसुद्धा निर्धन सिस्टरला काही काळ नीट जगता येईल इतकं द्यावं, अशी तरतूद होती. व्रत एकतर्फी नाही, ताई. सिस्टर आपलं सगळं संघाला देते आणि संघ तिचा भार उचलतो. तुमच्या आत्या उद्या आजारी पडल्या तर त्यांचा मठ त्यांना बघेल, याच विश्वासावर त्यांनी हयात घालवली ना?

आता कराकडे येते गोष्ट. सत्तरच्या दशकात बेल्जियमच्या कर खात्यानं तिच्याकडे सुमारे ६३ हजार डॉलर इतकी थकबाकी मागितली. ती म्हणाली, पैसे मठाला दिलेत, माझ्याकडे नाहीत. कागद दाखव म्हटल्यावर दाखवायला पावती नव्हती. मठातली सिस्टर आपल्याच मदर सुपिरियरकडे, म्हणजे मठप्रमुखाकडे, पावती कशी मागणार? आज्ञापालनाचं व्रत घेतलेल्या बाईच्या ते स्वप्नातही येणार नाही. मठानं तिला नंतर काही रक्कम दिली, वाव्र गावातलं घर घ्यायला मदत केली. मठ अगदी दगड होता असं मी म्हणत नाही, मूळ लेखातही म्हटलं नव्हतं. पण हिशेब पुरा केल्याची सही तिच्याकडून करून घेतली गेली आणि कराचं ओझं तिच्या मानेवर तसंच राहिलं.

माझा मुद्दा एवढाच आहे, आणि तो मी मागे घेणार नाही. पैसा आला तेव्हा ती व्रतस्थ सिस्टर होती, म्हणून तो तिचा नव्हता. कर मागायची वेळ आली तेव्हा ती स्वतंत्र नागरिक होती, म्हणून तो तिचाच होता. नावाचंही तसंच. ज्या नावावर रेकॉर्डी खपल्या ते नाव बाहेर पडल्यावर तिला वापरता येईना, तिला 'लुक डॉमिनिक' या नावानं नव्यानं सुरुवात करावी लागली. लोकांना हवी होती शिरोवस्त्रातली हसरी सिस्टर, आणि १९६६ मध्ये हॉलिवूडनं डेबी रेनॉल्ड्सला घेऊन तशीच एक सिस्टर पडद्यावर आणलीसुद्धा. डेकर्स त्या चित्रपटाला कपोलकल्पित म्हणायची.

हे परदेशातलं जुनं प्रकरण, असं तुम्हाला वाटत असेल तर आपल्याकडचं सांगतो. ७ नोव्हेंबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयात सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या पीठानं तमिळनाडू आणि केरळमधल्या धर्मसंघांची अपिलं फेटाळली. अनुदानित शाळांत शिकवणाऱ्या सिस्टर आणि फादर यांचा पगार संघाला जात असला, तरी त्यावर टीडीएस कापला जाणार. पगार मिळतो व्यक्तीला, पुढे तो कुणाला द्यायचा हा तिचा प्रश्न, असा त्यामागचा विचार. धर्मसंघांना तो पटला नाही. मला त्यातली एक गोष्ट मोलाची वाटते: कर पगारातूनच कापला जातो, त्याची नोंद राहते. मठ सोडलेल्या एखाद्या शिक्षिकेच्या दारात वर्षांनंतर त्याच पगाराची थकबाकी मागायला कुणी उभं राहणार नाही. डेकर्सला एवढं संरक्षण असतं, तर तिची पुढची वर्षं वेगळी गेली असती.

गोळीच्या गाण्याबद्दल. 'सोन्याची गोळी' तिनं गायली १९६७ मध्ये. पोप सहावे पॉल यांचं गर्भनिरोधनाला नकार देणारं परिपत्रक आलं जुलै १९६८ मध्ये. मधल्या काळात चर्चच्या आतच हा प्रश्न खुला होता. पोपनीच नेमलेल्या आयोगातल्या बहुमतानं १९६६ मध्ये बदलाच्या बाजूनं कौल दिला होता. बेल्जियमचे कार्डिनल स्युनेन्स यांनी १९६४ मध्ये व्हॅटिकन परिषदेत, म्हणजे जगभरच्या बिशपांच्या सभेत, उभं राहून, गॅलिलिओ प्रकरणाची पुनरावृत्ती नको, असं विनवलं होतं. युरोपात गोळी आणण्यात ज्यांचा मोठा वाटा होता ते फर्डिनांड पेटर्स बेल्जियमचेच आणि श्रद्धाळू कॅथलिक होते. जे कार्डिनल परिषदेत बोलत होते ते तिनं गिटारवर गायलं, एवढंच. लूव्हाँ विद्यापीठात ईश्वरविज्ञान शिकायला तिला मठानंच पाठवलं होतं. तिथे शिकल्यावर तिला प्रश्न पडले, यात नवल ते काय? कार्डिनल कार्डिनलच राहिले. तिचा मात्र कॅनडातला एक कार्यक्रम रद्द झाला.

आणि डेकर्ससोबत शेवटपर्यंत राहिलेली आनी पेशेर. तुमचा हा आक्षेप मी सगळ्यात गंभीरपणे घेतला. दोघींच्या नात्याला मी लेखात कुठलंही लेबल लावलं नाही, आताही लावणार नाही. पण आनीचं नाव वगळून डेकर्सचं उत्तरायुष्य लिहिता येत नाही. दोघी एका घरात राहिल्या. स्वमग्न मुलांसाठी शाळा चालवत होत्या. पैसे उभे करायला १९८२ मध्ये डेकर्सनं तेच 'डॉमिनिक' सिंथेसायझरच्या ठेक्यावर पुन्हा गायलं. वय पन्नाशीला टेकलेलं, मानसोपचार घेऊन झालेले, वीस वर्षांपूर्वीचं तेच हसरं गाणं पुन्हा ओठांवर. ते ऐकताना माझ्या पोटात तुटतं. रेकॉर्ड चालली नाही, शाळाही टिकली नाही. मार्च १९८५ मध्ये दोघींनी सोबतच आयुष्य संपवलं. अशा मृत्यूला एक कारण नसतं, आणि 'मठानं मारलं' असं वाक्य माझ्या लेखात शोधूनही सापडणार नाही. मागे ठेवलेल्या चिठ्ठीत त्यांनी आपली श्रद्धा सोडलेली नाही असं लिहिलं होतं, आणि चर्चच्या विधीनं एकत्र दफन व्हावं अशी इच्छा होती. वाव्रच्या दफनभूमीत दोघी एकाच कबरीत आहेत. एकत्र दफन व्हावं ही इच्छा त्यांनी स्वतः लिहून ठेवली. ती मी लपवली, तर त्यात डेकर्सची अब्रू राखली जात नाही.

म्हणून लेख इथून काढून टाकावा ही तुमची विनंती मला मान्य करता येत नाही. तुमची प्रतिक्रिया मात्र पूर्ण, एक शब्द न गाळता, लेखाखाली राहील. आणि आत्यांना हे वाचून दाखवा. त्यांच्या मठात कागदपत्रं, पगार, औषधपाणी यांची व्यवस्था कशी आहे, हे त्यांना स्वतःच्या शब्दांत लिहावंसं वाटलं, तर मी ते इथेच स्वतंत्र लेख म्हणून छापेन. नाव द्यायचं की नाही हे त्यांनी ठरवावं.