‘दोन दिवस ऊन पडलं की बर्फ बसतो’ : हा मेसेज पुढे पाठवू नका

हिमालयात हिवाळी ट्रेकला निघालेल्या आमच्या बेळगाव-खानापूरच्या पोरांमध्ये सध्या एक मेसेज फिरतोय. त्यात चार गोष्टी सांगितल्यात. हिमवादळ थांबून दोन दिवस ऊन पडलं की बर्फ पक्का बसतो. आधीची तुकडी जिथून गेली तो उतार सुरक्षित. ओरडू नका, आवाजाने बर्फ सुटतो. आणि गाडले गेलात तरी धीर सोडू नका, सियाचिनचे जवान हनमंतप्पा कोप्पद सहा दिवस जगले. गोवा एक्सप्रेसची तिकिटं काढलेली पोरं हे वाचून निर्धास्त होतायत, म्हणून लिहितोय.

पहिली गोष्ट अर्धी खरी आहे, म्हणूनच ती जास्त घातक. वादळात आणि त्यानंतरच्या २४ ते ४८ तासांत धोका सर्वांत जास्त असतो, पुढे ताजा बर्फ थोडा दबतो, हे बरोबर. पण तो कशावर पडलाय? हिवाळ्याच्या सुरुवातीला पातळ बर्फ पडतो. त्याखालची जमीन शून्य अंशाच्या आसपास, वरची हवा उणे दहा-पंधरा. या फरकामुळे बर्फातली वाफ वर सरकत राहते आणि तळाचे कण मोठे, सुटे होतात. आपल्याकडची कारखान्यातली साखर मुठीत दाबून बघा, गोळा होत नाही. ते कण तसेच. वादळात त्यांच्यावर दोन-तीन फूट बर्फ पडतो आणि वारा तो ठासून शहाबादी फरशीसारखा अखंड करतो. म्हणजे साखरेवर तिरकी ठेवलेली फरशी. दोन दिवसांच्या उन्हाने ती साखर घट्ट होत नाही. उत्तरेकडच्या सावलीतल्या उतारावर ती कित्येक आठवडे तशीच राहते. उन्हाकडच्या उतारावर उलट दुपारी बर्फ ओला होऊन सुटतो. आणि आभाळ निरभ्र असलं तरी वारा असेल, तर डोंगराच्या धारेच्या आडोशाला बर्फ साचतच राहतो.

दिवस मोजण्यापेक्षा उतार मोजा. ३० ते ४५ अंशांच्या उतारावर बहुतेक फरश्या सुटतात, आणि खाली सपाटीवर उभा असलेलाही त्यांच्या वाटेत येतो. शेजारच्या उतारावर ताजं हिमस्खलन दिसलं, पायाखाली ‘धप्प’ असा आवाज झाला, पावलापासून लांब भेग पळाली, तर मागे फिरा. जाणकार मार्गदर्शक ३० सेंटिमीटर लांबी-रुंदीचा बर्फाचा खांब मोकळा कापतात, त्यावर फावडं ठेवून आधी मनगटातून, मग कोपरातून, मग खांद्यातून प्रत्येकी दहा थापा मारतात. खांब चटकन सरकला तर उताराला पाय लावायचा नाही. सरकला नाही, तरी अख्खा उतार पास झाला असं नाही.

कारण फरशी सगळीकडे सारख्या जाडीची नसते. नऊ जण जाड भागावरून निघून जातात, दहाव्याचा पाय पातळ जागी पडतो आणि अख्खा उतार सुटतो. आधीच्यांची पावलं एवढंच सांगतात की ते गेले.

आवाजाचं म्हणाल तर ओरडण्याने बर्फ सुटत नाही. माणसाच्या वजनाने सुटतो. फरशी सुटून माणसं दगावतात, तेव्हा बहुतेक वेळा ती त्यांनी किंवा त्यांच्याच सोबत्याने सोडवलेली असते.

शेवटच्या ओळीचं मला सर्वांत वाईट वाटलं. हनमंतप्पा शेजारच्या धारवाड जिल्ह्यातल्या बेटदूरचे. ३ फेब्रुवारी २०१६ ला सियाचिनमध्ये त्यांची चौकी गाडली गेली, तेव्हा तिथे दहा जवान होते. नऊ जण गेले. हनमंतप्पा पंचवीस फूट बर्फाखालून जिवंत निघाले आणि ११ फेब्रुवारीला दिल्लीच्या रुग्णालयात त्यांनी प्राण सोडले. उघड्या उतारावर गाडला गेलेला माणूस पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत काढला तर बहुधा वाचतो. अर्ध्या तासानंतर तिघांतला एखादाच. तेवढ्या वेळात हेलिकॉप्टर येत नाही, शेजारी चालणाराच खणतो. त्यासाठी प्रत्येकाकडे ट्रान्सीव्हर (गाडलेला माणूस कुठे आहे ते रेडिओ संदेशाने दाखवणारं छोटं यंत्र), बर्फात खुपसायची लांब काठी आणि फावडं लागतं. पैसे भरण्याआधी ट्रेक नेणाऱ्याला विचारा, ही तीन साधनं देणार का, आणि वापरायला शिकवणार का. आणि ज्यांनी तो मेसेज पुढे पाठवलाय, त्यांनी निदान हनमंतप्पांचं नाव त्यातून काढावं.