मिशी आडवी आली

आमच्या दर्यापूर तालुक्याच्या नावात दर्या आहे, तालुक्यात नाही. आहे तो खारपाणपट्टा. विहिरीचं पाणी मचूळ. वरणात मीठ जरा कमी पडलं तरी चालून जातं, पण तेच पाणी वावराला दिलं की जमीन चोपण होऊन बसते. सांगायचं काय, तर खाऱ्या पाण्याचं आम्हाला अप्रूप नाही. ते लहानपणापासून पोटात आहे. फक्त मासे पाहायला म्हणून त्यात कोणी डोकं घालत नाही.

हे डोकं घालायचं खूळ डोंबिवलीच्या साळ्याचं. त्याच्या मुलीच्या लग्नात मी आठ दिवस आचाऱ्याच्या मागे उभा होतो, त्याची फेड म्हणून त्याने आम्हा नवराबायकोचं जहाजाचं बुकिंग करून टाकलं. मुंबईहून लक्षद्वीप. तिथे अगत्ती बेटापाशी जहाज दिवसभर थांबणार होतं. "जिजाजी, तिथं स्नॉर्कलिंग करू," तो फोनवर म्हणाला. म्हणजे डोळ्यांवर नाकासकट झाकणारा चष्मा लावायचा, तोंडात वाकडी नळी धरायची आणि पाण्यावर पालथं पडून खाली पाहत राहायचं.

"फुगलेल्या म्हशीवानी?" बायकोने विचारलं.

"हो ताई. फक्त श्वास घ्यायचा."

जहाजावरून बुक केलं तर माणशी जो आकडा त्याने सांगितला, त्यात कपाशीच्या बियाण्याच्या पाच थैल्या आल्या असत्या. किनाऱ्यावरून आपलं आपण पाण्यात शिरलं तर मात्र जाकिटाचं भाडं तेवढं. चष्मा-नळी आपली पाहिजे. मी त्याच रात्री मोबाईलवरून साडेसातशेची जोडी मागवली.

पार्सल आलं तेव्हा ओसरीवर पाच-सहा माणसं जमली. नळी हातात घेऊन आमचा सालदार म्हणाला, "हे तं सरत्यावानी दिसते. याच्यातून काय पेराचं?" शेजारच्या पोट्ट्याची शंका वेगळी होती. नळी दोन वीतच काहून? फवाऱ्याचा पाइप जोडला तर विहिरीच्या तळाशी बसून आरामात बिडी ओढता येईल. मला ते पटलं, हे कबूल करतो. पायऱ्यांच्या विहिरीत छातीभर पाण्यात उभा राहून मी पाच फुटी पाइप तोंडात धरला आणि खाली बसलो. श्वास आत येईचना. छातीवर कोणीतरी सरकीचं पोतं ठेवल्यासारखं झालं. मीटरभर पाण्याखाली छातीवरचा दाब एवढा वाढतो की फासळ्यांना ती हवा ओढता येत नाही, आणि लांब नळीत आपलाच सोडलेला श्वास परत आपल्याच वाट्याला येतो. नळी दोन वीत असते ती कंजूषपणाने नव्हे. हे मी वर आल्यावर वाचलं. कोणी करून पाहू नये.

मग वाफेचा प्रश्न आला. चष्म्याच्या काचेवर आतून वाफ धरते आणि त्यावर जगभर चालणारा एक स्वस्त उपाय आहे: आत थुंकायचं, बोटाने पसरायचं, विसळायचं. ज्या गावात 'येथे थुंकू नये' ही पाटीच लाल झालेली आहे, तिथे थुंकीला पहिल्यांदाच मान मिळत होता. माझं तोंड थंडीने कोरडं पडलेलं, म्हणून सालदाराने मदत केली. त्याच्या गालात सकाळपासून खर्रा होता. त्या दिवशी विहिरीत जे काही दिसलं ते सगळं सूर्यास्ताच्या रंगात.

दुसऱ्या दिवशी काच स्वच्छ होती आणि समोरून पाणदिवड आली. पाणदिवड बिनविषारी, ही तर हातभरच लांब. पण पाण्याखाली चष्म्यातून वस्तू एक तृतीयांशाने मोठी दिसते आणि पाव हिस्सा जवळ. मला अजगर दिसला, तोही नाकाला टेकलेला. विहिरीला एकवीस पायऱ्या आहेत. पोट्टा म्हणतो, मामाने तीनच वापरल्या.

एवढं सगळं निभलं. निभली नाही ती मिशी. चष्म्याची रबरी कड वरच्या ओठावर जिथे टेकते, तिथे माझी दहा वर्षांची, टोकं वर वळवलेली मिशी होती. एकेक केस म्हणजे पाण्याचा एकेक पाट. त्यातून पाणी झिरपत थेट नाकात. पट्टा आवळला तर डोळे बाहेर यायला लागले, पाणी होतं तिथेच. साळ्याला फोन केला. "काढून टाका ना जिजाजी, महिन्याभरात परत येते." डोंबिवलीत बसून बोलायला काय जातं?

आमच्याकडे मिशी काढायचा प्रसंग एकच असतो. न्हाव्याने माझं म्हणणं ऐकलं आणि आवाज खाली आणला.

"भाऊ, बुढा कवा गेला?"

"गेला नाही."

"मंग बुढी?"

"आई जाऊन दहा वर्षं झाली. तूच तं काढली होती तवा."

"मंग?"

"समुद्रात मासे पाहाले जाचं हाय."

त्याने वस्तरा खाली ठेवला, दोन चहा सांगितले आणि माझ्या बायकोची तब्येत कशी आहे ते विचारलं. शेवटी काढली. पैसे घेतले नाहीत. अशा वेळी घेत नाहीत म्हणाला.

दुकान ते घर हे अंतर चारशे पावलांचं असेल. पारावरच्या लोकांनी मला पाहून बिड्या विझवल्या. कडब्याची बंडी थांबली. विचारत कोणीच नव्हतं, नुसते मान हलवत होते. एका म्हाताऱ्याने तेवढं म्हटलं, "डोकस्याचे केस काहून ठेवले? अर्धंच केलं काय?" घरी बाबा ओसरीवर तुरीच्या शेंगा सोलत बसले होते. त्यांनी वर पाहिलं.

"कोन गेलं बे?"

"कोनी नाही बाबा."

बाबांनी बोटं मोजली. "तुह्या वरतं आता मीच एक उरलो. म्हंजे मीच गेलो असन." आणि पुढची शेंग घेतली.

मला वाटलं, संपलं. पण तोवर कोणीतरी गावाच्या ग्रुपवर बाबांचा फोटो टाकून खाली 'भावपूर्ण श्रद्धांजली' लिहिलं होतं. त्याखाली हात जोडलेली चाळीस चित्रं. बाबांनी चष्मा लावून ते सगळं वाचलं, कोणी कोणी हात जोडले नाहीत त्यांची नावं ध्यानात ठेवली, आणि म्हणाले, "फोटो तं बरा टाकाचा. याच्यात मी मेल्यावानी दिसून राहिलो."

संध्याकाळच्या एसटीने अंजनगावकडून मामा-मामी आले. मामीने गल्लीच्या तोंडापासूनच हंबरडा फोडला. "भाटवे गेले वो, माय वो" करत ती दारात आली, तर भाटवे, म्हणजे आमचे बाबा, भाकर आणि ठेचा खात बसलेले. हंबरडा अर्ध्यात तुटला. उरलेल्या अर्ध्याचं काय करावं हे तिला कळेना, म्हणून तो तिने माझ्या बायकोच्या गळ्यात पडून पूर्ण केला. मामा उंबऱ्यात पिशवी धरून तसाच उभा.

"या, बसा," बाबा म्हणाले. "मले पाहाले आले का न्याले?"

पिशवीत दुखवट्याचं धोतर आणि टोपी होती. मामाने ती मागे लपवायचा प्रयत्न केला. बाबांनी हात पुढे केला. "आनलीच हाय तं राहू द्या. वापस काय नेता?"

त्या रात्री मामाला मी स्नॉर्कलिंग समजावून सांगितलं. नाकाखाली चष्मा कसा गळतो, नळीतलं पाणी फुंकून कसं काढायचं, सगळं. मामा सगळं ऐकून म्हणाला, "याच्यापरीस बाजारातून मासे आनले असते."

जहाजाबद्दल लिहिण्यासारखं फार नाही. चोवीस तास खायला मिळतं आणि तर्री कशालाच नसते.

अगत्तीला मोठं जहाज किनाऱ्याला लागत नाही. बेटाजवळ प्रवाळाचा बांध आहे. जहाज बाहेर उभं राहतं आणि लहान होड्या माणसं आत नेतात. आतलं पाणी उथळ, संथ, नवशिक्यासाठी तर देवाने शेततळंच खणून दिलं आहे. पाण्याचा रंग मोरचुदाच्या फवाऱ्यासारखा. किनाऱ्यावर जाकिटं भाड्याने देणारा एक माणूस बसला होता, आणि त्याला भरघोस दाढी होती. मिशीही. तो माझ्यादेखत चष्मा लावून पाण्यात गेला, दहा मिनिटं पालथा पडला आणि कोरड्या नाकाने परत आला. मी त्याला खुणेनेच विचारलं. त्याने नाक वर केलं. नाकपुड्यांच्या लगेच खाली, जिथे रबर टेकतं तिथे, तांदळाच्या दाण्याएवढ्या रुंदीची पट्टी भादरलेली होती. बाकी मिशी जागच्या जागी. माझ्या मोकळ्या ओठाकडे बघत तो म्हणाला, "इतना ही काटने का."

इतना ही. मी तिथेच वाळूवर बसलो. साळा दुसरीकडे पाहत होता.

मग पाण्यात शिरलो. पहिला मिनिट नुसता आपलाच श्वास ऐकू येतो, जुना थ्रेशर चालल्यासारखा. मग तो आवाज मागे पडतो आणि खालचं दिसायला लागतं. प्रवाळ दगडासारखे दिसतात, पण ती बारीक जिवांची वस्ती असते. १९७२ च्या वन्यजीव कायद्यात वाघ ज्या पहिल्या अनुसूचीत आहे, त्यातच प्रवाळही आहेत. साळा दमला की त्यांच्यावर उभा राहायला बघायचा. मेळघाटच्या जिल्ह्यातल्या माणसाला, वाघाच्या पाठीवर पाय ठेवू नको, हे सांगावं लागत नाही. डोंबिवलीच्या माणसाला मी दोनदा पाय धरून ओढलं.

आणि मग फुटाणे खाल्ल्यासारखा आवाज आला. कडकड, कडकड. हिरवा-निळा, पोपटासारखी चोच असलेला मासा प्रवाळाचा खडक फोडून खात होता. त्याला शेवाळ हवं असतं, त्याबरोबर दगडही जातो. दगड पोटात दळला जातो आणि मागून पांढरी रेती होऊन बाहेर पडते. हे मी डोळ्यांनी पाहिलं, एक तृतीयांशाने मोठं. बेटावर ज्या पांढऱ्याशुभ्र रेतीवर साळा लोळून फोटो काढत होता, तिच्यातली बरीचशी याच मार्गाने आलेली. मी त्याला परतीच्या होडीत सांगितलं.

उन्हाला मी घाबरलो नव्हतो. पंचेचाळीस डिग्रीत डवरणी... असो, डवरणी पावसाळ्यात असते, पण वखरणी केलेला माणूस मी. मात्र पाण्यात पाठ थंड राहते आणि भाजते कधी ते कळत नाही. सदरा घालून पोहायचं हे साळ्याला माहीत होतं, त्याने घातला होता, मला सांगितलं नव्हतं. मुंबईपर्यंत मी पालथाच झोपलो. म्हणजे सराव चालूच राहिला.

घरी आलो तेव्हा बाबा ओसरीवरच होते, मामाचं धोतर नेसून. ओठावर जरा काळपट आलं होतं, ते त्यांनी पाहून घेतलं.

"काय पाह्यलं मंग एवढं?"

मी पोपटमाशाचं सगळं सांगितलं. चोच, कडकड, पोटातली गिरणी, पांढरी रेती. मोठा असला तर वर्षाकाठी क्विंटलांच्या हिशेबात काढतो. बाबा बराच वेळ गप्प होते.

"गोटे खाऊन रेती हागनारा मासा पाहाले तू मले मारलं?"

मी काहीच बोललो नाही.

"दोन घेऊन याचे होते बे. नाल्यात सोडले असते. रेतीचा भाव काय चालू हाय, माहीत हाय का तुले?"