पोरगं किरकिरं नाही, तुमचा बेत चुकलाय

आज वाईतल्या एका हॉटेलात पलीकडच्या टेबलावरचं बोलणं कानावर आलं आणि डोकंच फिरलं. पसरणी घाट उतरून आलेलं कुटुंब. दीडेक वर्षाचं लेकरू आईच्या खांद्यावर मान टाकून पडलेलं, सकाळपासून उलट्या. आणि काका सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणतात, "हे पोरगंच किरकिरं. याच्यापायी प्रतापगड राहिला."

अहो, बेत काय होता तुमचा? पहाटे साताऱ्यातून निघायचं, मेढ्यावरून केळघर घाट चढायचा, महाबळेश्वरचे पॉइंट, प्रतापगड, येताना टेबललँड, पसरणी उतरून रात्री घरी. दिवाळीच्या सुट्टीत वेण्णा लेकपाशी गाड्या कशा तुंबतात हे आपल्या जिल्ह्यात कुणाला सांगायला नको. या वयाच्या मुलाला चोवीस तासांत अकरा ते चौदा तास झोप लागते, त्यातली तास-दोन तास दुपारची. ती तुम्ही गाडीच्या हॉर्नमध्ये आणि पॉइंटच्या पायऱ्यांवर खर्च केलीत. मग ते रडणार नाही तर काय पोवाडा म्हणणार?

त्याहून जास्त जिवाला लागलं ते पुढचं. आईनं ओआरएसचं, म्हणजे उलट्या-जुलाबात पाण्यात कालवून द्यायच्या मीठ-साखरेच्या पावडरीचं, मोठं पाकीट फोडलं आणि अर्ध्या ग्लास पाण्यात सगळं ओतलं. शेजारून सांगावं लागलं. तिची चूक नाही, तिला कुणी कधी नीट सांगितलेलंच नाही, म्हणून इथे सविस्तर लिहितोय. मोठं पाकीट एक लिटर पाण्यासाठी असतं, छोटं दोनशे मिलीसाठी. पाकिटावर छापलेलं असतं, ते वाचा. पाणी कमी घातलं तर मीठ-साखर दाट होते, रक्तातलं मीठ वाढतं आणि लेकरू आणखी सुकतं. पाणी उकळून गार केलेलं किंवा सीलबंद बाटलीचं घ्या. पाकीट अर्धं-अर्धं करत बसू नका, अंदाज चुकतो. एकदा कालवलेलं चोवीस तासांनी ओतून द्या.

पाजायचं कसं? वाटी तोंडाला लावून नाही. मिनिटा-दोन मिनिटाला एक चमचा. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबा आणि पुन्हा चमच्यानंच, आणखी सावकाश. जुलाब असतील तर दोन वर्षांच्या आतल्या मुलाला दर जुलाबामागे पन्नास ते शंभर मिली. अंगावर पीत असेल तर दूध बंद करायचं नाही. आणि टेट्रापॅकमधली फळांच्या चवीची गोड पेयं म्हणजे ओआरएस नव्हे. साखर जास्त असली की जुलाब वाढतात. डब्ल्यूएचओच्या (जागतिक आरोग्य संघटनेच्या) सूत्राप्रमाणे नसलेल्या पेयांवर ओआरएस हे नाव लावायला एफएसएसएआयनं, म्हणजे देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणानं, 2025 मध्ये बंदी घातली, तरी दुकानदार सवयीनं तेच पुढे करतो. पाकीट मागा, पावडरचं.

गाडी लागण्याचं म्हणाल तर दोन वर्षांच्या आत ती तशी कमीच लागते. या वयात घाटात उलटी होते ती बहुतेक पोट तुडुंब भरल्यानं, कोंदट गाडीनं आणि रडून रडून. घाटाआधी तासभर पोटभर खाऊ घालू नका. एखादं केळं नाहीतर दोन घास मऊ भात पुरे. काच थोडी खाली ठेवा. दोनाच्या वरच्या मुलाच्या हातातला मोबाईल घाटात काढून घ्या, कारण कानाला वळणं जाणवतात आणि डोळ्यांपुढचा पडदा जागचा हलत नाही, तिथेच मळमळ सुरू होते. घाट उतरताना कानात दडे बसतात, तेव्हा घोट घोट पाणी द्या. गिळलं की कान मोकळे होतात.

घरची खिचडी न्यायची असेल तर थर्मासमध्ये आधी दहा मिनिटं उकळतं पाणी भरून ठेवा, ते ओतून द्या आणि मग वाफाळती खिचडी भरा. कोमट डब्यात डिकीत ठेवलेला भात दोन तासांनंतर लेकराला देऊ नका. सकाळच्या उलट्या अशाच कुठल्या तरी डब्यातून आल्या असतील, असं मला राहून राहून वाटतंय. आणि महाबळेश्वरचे फुटाणे, चिक्की, शेंगदाणे तुम्ही खुशाल खा. चार-पाच वर्षांपर्यंतच्या पोराच्या हातात मात्र देऊ नका, चालत्या गाडीत तर मुळीच नाही. एका धक्क्यात दाणा श्वासनलिकेत जातो आणि घाटात मदत जवळ नसते.

आता काकांसाठी आणखी एक. लेकरू तुमच्याच मांडीवर होतं ना, पुढच्या सीटवर? गाडी आदळली की तुमचं सगळं वजन त्याच्यावर, आणि एअरबॅग उघडली तर थेट त्याच्या तोंडावर. 2019 च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात चौदा वर्षांखालच्या मुलाला पट्टा किंवा लहान मुलांची सीट नसेल तर हजार रुपये दंड आहे. दंडाचं सोडा, लेकरू मागच्या सीटवर हवं, त्याच्या स्वतःच्या सीटमध्ये, आणि दीड-दोन तासांनी गाडी थांबवून मोकळं फिरू द्यायला हवं. कासला बुलेटच्या टाकीवर पोर बसवून जाणारेही तेवढेच दोषी. नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलाला दुचाकीवर हार्नेस (चालवणाऱ्याशी बांधून ठेवणारा पट्टा) आणि हेल्मेट लागतं आणि वेग चाळीसच्या आत. नियम आहे तो, सल्ला नाही.

मान्य, सुट्टी वर्षात एकदाच जमते, दहा जणांचा मेळ बसवणं सोपं नसतं आणि म्हाताऱ्या माणसांनाही प्रतापगड बघायचा असतो. मग दोन दिवस करा. नाहीतर मूल आणि एक मोठं माणूस पाचगणीला खोलीवर झोपू दे, बाकीचे गडावर जाऊन या. आणि ते मोठं माणूस दर वेळी आईच कशाला? त्या पोरीनं आज ताटाला हात लावला नव्हता. घरातले चार पुरुष मिसळीवर रस्सा मागत होते. आधी तिला जेवू द्या, तोवर लेकरू बापानं फिरवावं. एवढं जमलं तरी निम्मी ट्रिप सुधारते.

या आठवड्यात कोकणात उतरणार असाल, कुंभार्लीनं असो की आंबा घाटानं, तर एक लक्षात ठेवा. सहा तास लघवी नाही, रडताना डोळ्यांत पाणी नाही, डोळे आत गेलेत, उलटी हिरवी आहे किंवा शी मध्ये रक्त आहे, हाक मारली तरी मान उचलत नाही, यातलं एकही दिसलं की चमचा-वाटी करत बसायचं नाही. गाडी वळवायची आणि जवळचं हॉस्पिटल गाठायचं. हॉटेलच्या बुकिंगचे पैसे बुडू द्या.