खुलासा : जांभळाच्या बियांची पूड आणि शुगरची गोळी
परभणी-हिंगोलीकडच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर मेसेज फिरतोय : जांभळाच्या बियांची पूड 40 दिवस घ्या, शुगरची गोळी कायमची बंद. हे चूक आहे. बियांच्या अर्काने उंदरांची साखर उतरली, हे खरं. पण प्रयोगशाळेत मोजून काढलेला अर्क वेगळा आणि आपल्या खलबत्त्यातली पूड वेगळी. मेथ्यांचं जरा बरं आहे. त्यांतल्या चिकट तंतूमुळे आतड्यात साखर हळू शोषली जाते, माणसांवरच्या छोट्या चाचण्यांत थोडा फरक दिसलाही. तरी गोळीची जागा त्या घेत नाहीत. (मेटफॉर्मिन या शुगरच्या नेहमीच्या गोळीचं मूळही एका वनस्पतीतच आहे, झाडपाल्याला कुणी हसत नाहीये.) पूड घ्यायचीच तर डॉक्टरांना सांगून घ्या; गोळीसोबत साखर एकदम उतरली तर घाम सुटतो, हातपाय थरथरतात.