‘इन्स्ट्रक्टर झाला की मागे पडला’: एका प्रतिक्रियेला उत्तर

‘पेन्शनीत बसून पोरांना सल्ले देणं सोपं असतं’ या तुमच्या पहिल्याच वाक्याला माझ्याकडे उत्तर नाही. सोपं असतंच. पुढच्या मुद्द्यांवर मात्र बोलायला हवं.

मूळ लेख ज्यांनी वाचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. वायुदलात नुकत्याच विंग्ज, म्हणजे पायलट झाल्याचा बिल्ला, मिळालेल्या पायलटाने पोस्टिंगचा पसंतीक्रम भरताना विमानाच्या नावाला भुलू नये आणि इन्स्ट्रक्टरची जागा चालून आली तर डोळे झाकून घ्यावी, असं मी लिहिलं होतं. तुमचं म्हणणं असं, की लढाऊ स्क्वाड्रनमधली पहिली तीन वर्षं पुन्हा येत नाहीत. ट्रेनरवर, म्हणजे शिकवण्याच्या विमानावर, घिरट्या घालणारा मागे पडतो, बढतीच्या वेळी त्याला कुणी विचारत नाही. आणि पसंतीक्रम हा तर निव्वळ देखावा, शेवटी दलाला हवं तिथेच पाठवतात.

‘डोळे झाकून’ हे शब्द मी मागे घेतो. तिथे तुमचं बरोबर आहे आणि माझं चुकलं. अमेरिकी वायुदलात विंग्ज मिळाल्या मिळाल्या काहींना त्याच प्रशिक्षण तळावर शिकवायला ठेवून घेतात, ब्रिटिशांकडेही तशी पद्धत आहे. अशा पोराला विमान कसं उडवायचं ते पक्कं ठाऊक असतं, पण ते शिकून पुढे स्क्वाड्रनमध्ये नेमकं काय करायचं असतं हे त्याने पाहिलेलं नसतं. अमेरिकेत विंग्जनंतर दहा वर्षं सेवेची बांधिलकी असते. त्यातली पहिली तीन-चार वर्षं शिकवण्यात गेली तर उरलेला हिशेब तुम्ही मांडलात तसाच होतो. म्हणून एक स्क्वाड्रन टूर, म्हणजे तिथली एक पूर्ण नेमणूक, आधी आणि इन्स्ट्रक्टरकी नंतर, हा क्रम मला जास्त पटतो. उलटा क्रम वाट्याला आला, तर परत कुठल्या विमानावर जायला मिळणार हे जाण्याआधीच विचारून ठेवावं. हे मी मूळ लेखात लिहायला हवं होतं.

पण ‘मागे पडतो’ हे मला मान्य नाही.

लीडरच्या सोबतीने उडणाऱ्या नव्या विंगमनची पहिली दोन वर्षं आठवा. लीडर रेडिओवर फ्रीक्वेन्सी सांगतो, तुम्ही म्हणता ‘टू’, म्हणजे दोन नंबरने ऐकलं. लीडर वळतो, तुम्ही वळता. हवामान बिघडलं तर परत फिरायचं का, हे तोच ठरवतो. तुम्ही उत्तम उडवत असता, पण ठरवत काहीच नसता. आता मागच्या सीटवरचा इन्स्ट्रक्टर घ्या. पोरगा लँडिंगला येतोय, वेग दोन-चार नॉट जास्त, रनवे भराभर मोठा दिसायला लागलाय आणि नाक उचलायला त्याने उशीर केलाय. तुमचा हात स्टिकपासून दोन बोटांवर. तोंडाने सांगायचं, की गप्प बसून त्याला स्वतः सावरू द्यायचं, की ‘आय हॅव कंट्रोल’ म्हणून विमान हातात घ्यायचं? लवकर घेतलंत तर तो काहीच शिकत नाही. उशिरा घेतलंत तर चौकशी समितीपुढे तुम्ही बसता. हे दिवसातून पाच-सहा वेळा, प्रत्येक वेळी वेगळ्या पोराबरोबर. माझ्या हिशेबी पोस्टिंगची किंमत यातच आहे: तिथे स्वतः किती वेळा ठरवायला मिळतं.

हा हिशेब मला उशिरा कळला. मी स्वतः नाव बघूनच स्क्वाड्रन मागितली होती. नव्या कोऱ्या प्रकारचं विमान, सगळ्यांना हेवा वाटेल असं. सुटे भाग वेळेवर येईनात, अर्धी विमानं हँगरमध्ये जॅकवर. एका महिन्यात मी सहा तास उडालो आणि उरलेला महिना स्टोअरच्या याद्या तपासत बसलो. माझ्याच कोर्सचा, नाइलाजाने वाहतूक विमानांवर गेलेला एक जण तोवर सहवैमानिकाच्या उजव्या सीटवरून कॅप्टनच्या डाव्या सीटवर आला होता. रात्री ढग खाली आल्यावर दुसऱ्या तळाकडे वळायचं की नाही, हे तो कॅप्टन म्हणून ठरवत होता.

तुम्ही उदाहरण मागितलंत. आयलीन कॉलिन्स 1979 मध्ये विंग्ज मिळाल्यावर तिथेच टी-38 या प्रशिक्षण जेटवर इन्स्ट्रक्टर झाल्या. नंतर सी-141 या मालवाहू विमानाच्या कमांडर, मग गणिताच्या प्राध्यापिका, मग टेस्ट पायलट स्कूल, आणि 1999 मध्ये स्पेस शटलच्या कमांडर. तुम्ही लगेच म्हणाल, त्यांना लढाऊ विमान मिळणारच नव्हतं. खरं आहे, अमेरिकी वायुदलात महिलांसाठी ते दार 1993 मध्ये उघडलं. पण मग त्यांच्या लॉगबुकमध्ये होतं ते सगळं तुमच्या लेखी ‘मागे पडलेल्यांचं’च होतं.

दुसरं उदाहरण तुमच्या बाजूने जातं, तरी देतो. अमेरिकी वायुदलातल्या जॉन बॉइड यांनी नेलिस तळावरच्या फायटर वेपन्स स्कूलमध्ये शिकवता शिकवता हवाई झुंजीचं शास्त्र लिहून काढलं. एफ-15 आणि एफ-16 वर त्यांच्या विचारांची छाप आहे. निवृत्त झाले ते कर्नल म्हणूनच. अर्थात त्याला इन्स्ट्रक्टरकीपेक्षा वरिष्ठांशी वाजवण्याची त्यांची सवयच जास्त कारणीभूत असावी, असं माझं मत. (तशी सवय तुम्हालाही असावी असं प्रतिक्रियेवरून वाटतं. ही तक्रार नाही.)

इन्स्ट्रक्टरला दुय्यम मानणं हा रोग जुना आहे. पहिल्या महायुद्धात ब्रिटिशांकडे शिकवायला बहुधा आघाडीवरून थकून आलेले नाहीतर तिथे नको असलेले पायलट असत. 1917 मध्ये इंग्लंडमधल्या गॉस्पोर्टला रॉबर्ट स्मिथ-बॅरी यांनी आधी इन्स्ट्रक्टरच घडवायला घेतले. विद्यार्थ्याला मुद्दाम स्पिनमध्ये, म्हणजे विमान गरगरत खाली जातं त्या अवस्थेत, नेऊन त्यातून बाहेर यायला शिकवलं, दोघांना बोलता यावं म्हणून रबरी नळी लावली. पद्धत जगभर गेली, समज मात्र तिथेच राहिला.

आता पसंतीक्रमाच्या देखाव्याबद्दल. जागा किती रिकाम्या आहेत यावरच बरंचसं ठरतं, हे मान्य. पण दोन-तीन जागांमधून एक वर लिहायची संधी बहुतेकांना मिळते आणि ती ऐकीव गप्पांवर वाया जाते. ‘स्क्वाड्रन कशी आहे?’ असं विचारलं की सगळे ‘मस्त’ म्हणतात. तुमच्याहून एक-दोन कोर्स पुढे असलेल्याला फोन करा आणि गेल्या महिन्यात किती तास उडालास, तेवढंच विचारा. मग लीड किंवा कॅप्टन व्हायला तिथे किती वर्षं लागतात ते. आणि फ्लाइट कमांडर उड्डाणानंतरच्या डीब्रीफला स्वतःच्या चुका फळ्यावर लिहितो का, हेही. वरिष्ठांच्या एडीसीगिरीबद्दल, म्हणजे त्यांच्या दिमतीला राहण्याच्या पोस्टिंगबद्दल, मी लिहिलं नाही असा तुमचा आक्षेप होता. लिहिण्यासारखं फार नाही, उडणं बंद होतं.

तुमच्या शेवटच्या ओळीवरून वाटतं की हा फॉर्म तुमच्याच टेबलावर पडलाय. तसं असेल तर लढाऊ स्क्वाड्रन जरूर वर लिहा, मी अडवत नाही. फक्त आधी तो फोन करा. उत्तर पंधरा तासांच्या खाली आलं, तर ती दुसऱ्या नंबरवर टाका.